गुलाबी गोळी

"आणि झोप कशी लागते गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि माझ्या हातातली फुंकायची नळी सटकून खाली पडली.

तशी काही आभाळ कोसळल्यासारखी गोष्ट नव्हती. प्लास्टिकची नळी, वर आकडे, आत एक लाल काटा. जोरात फुंकलं की काटा पुढे पळतो आणि छातीत किती दम आहे ते कळतं. मी आत्ताच ती फुंकली होती, काटा असा काही सुसाट पळाला होता की डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या होत्या, आणि मी खुर्चीत अशी ऐटीत बसले होते, जणू त्या काट्याचा शोध मीच लावलाय. आणि मग हा प्रश्न. नळी घरंगळत टेबलाखाली गेली. आई वाकायला लागली. मी म्हटलं, "थांब, मी काढते," आणि गुडघे टेकून सरळ आत शिरले. खाली बरं होतं. अंधारलेलं, थंडगार, फिनेलच्या वासाचं. डॉक्टरबाईंच्या एका बुटाची नाडी सुटली होती. नळी माझ्या नाकासमोरच पडली होती, पण मी ती उचलली नाही. वरून आईचा आवाज आला, "झोप? अहो, ढाराढूर! कानाशी ट्रम्पेट वाजवला तरी उठायची नाही. आणि वाजवते हीच, त्यामुळे तो प्रश्नच मिटला!" आणि आई हसली. एकटीच हसली, हे मला खालूनही कळलं.

आई हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. समोरचा माणूस "खोलीतला नळ—" इतकं म्हणतो तोवर तिचं "हो हो, लगेच माणूस पाठवते" होऊन गेलेलं असतं. घरीही तसंच. माझ्या वतीने ती माझ्यापेक्षा छान बोलते. तिच्या उत्तरांमधली मी नेहमी हसरी, भूक लागलेली, अभ्यास झालेली अशी असते. मला ती मुलगी आवडते. काही दिवस तर मी तीच होते. गंमत म्हणजे झोपेचं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला लहानपणापासून दमा, त्यामुळे आमच्या घरात माझं सगळं काही दम लागतो की नाही यावरून ठरतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. उंच उंच इमारतींच्या गच्चीवर जी मशीनची खोली असते तिच्यात ते डोळे मिटून उभे राहतात आणि मोटर ऐकतात, आणि कुठला पट्टा घासतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगतात. तीच सवय घरी. रोज सकाळी मी दप्तर अडकवायच्या आधी बाबा माझ्या पाठीला कान लावतात. त्यांच्या दाढीचे खुंट गणवेशातून टोचतात, कानाचा थंडगार गोल दोन खांद्यांच्या मधे बसतो, आणि सगळं घर गप्प होतं. आई चमचा हवेत धरते, ताई तोंडातला ब्रश थांबवते. मग बाबा म्हणतात, "ओके." की चमचा पातेल्यात, ब्रश दातांवर, आणि मी दाराबाहेर. लहानपणी हे 'ओके' फार क्वचित मिळायचं. माझ्या छातीतून शिट्ट्या वाजायच्या, ताईने म्हणूनच माझं नाव भोंगा ठेवलं, आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकताना खोकून खोकून मी केकवर काय काय उडवायचे ते आमचे पाहुणे अजून सांगतात. निळा पंप, नारंगी पंप, पंपाला लावायचं ते प्लास्टिकचं नळकांडं. माझं दप्तर म्हणजे अर्धं दवाखान्याचं कपाट. मी वर्गात मागच्या बाकावर बसायचे, कारण निळा पंप घेताना कुणी बघू नये.

मग ती गोळी आली. आमचे नेहमीचे डॉक्टरकाका, पांढऱ्या मिशांचे, त्यांनी लिहून दिली होती. रात्री जेवण झाल्यावर एक, चघळायची, गुलाबी, चवीला थोडी चेरीसारखी. काका म्हणाले होते, "पंप चालूच ठेवा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा दाखवायला आणा." पण झालं काय, गोळी अशी काही लागू पडली की शिट्ट्या एकदम बंद. बाबांचा कान पाठीला लागतो न लागतो तोच "ओके!" आईने नारंगी पंप ड्रॉवरमधे ठेवून दिला. म्हणाली, "दमच नाही तर पंप कशाला? उगाच सवय लागायची." दाखवायला जायचं राहून गेलं. कान होता ना घरात. तो रोज पास करत होता. आणि मी? माझं काय सांगू! मी जिना धावत चढले. बसच्या मागे पळाले आणि बस पकडली, आणि वर जाऊन धापा न टाकता कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. बँडसरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मला ट्रम्पेट शिकायचाय. सर म्हणाले, "तुला? तू तर झांज वाजवतानाही बसून वाजवतेस." मी म्हटलं, "देऊन तर बघा सर." सरांनी दिला. पहिल्यांदा त्यातून जो आवाज निघाला तो म्हशीचा होता हे मला मान्य आहे, पण म्हैस दणदणीत होती. सणसणीत म्हैस! पुढच्या सत्रात तर सरांनी आंतरशालेय कार्यक्रमातला एकल भाग मला दिला. सगळा बँड थांबणार, आणि मी एकटी. माझ्या छातीतली हवा त्या पितळी वळणांतून फिरत फिरत सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणार. मी पुढच्या बाकावर बसायला लागले. प्रश्न विचारायला लागले. ताई म्हणाली, "भोंग्याला कंठ फुटला."

आणि तेव्हाच ते दुसरंही सुरू झालं. कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण ते दाराने आलं नाही. ओल चढते तसं भिंतीतून आलं. आधी स्वप्नं. त्यांत काय असायचं ते सकाळी आठवायचं नाही, नुसता त्यांचा गाळ अंगात राहायचा, आणि तो गाळ घेऊन मी दात घासायचे, भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. मग चीड. ताईने माझा कंगवा घेतला म्हणून मी अशी किंचाळले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती हसत होती, हसता हसता थांबली आणि कंगवा हळूच ठेवून गेली. ते हळूच ठेवणं मला फार लागलं. मग रडू. गणिताच्या तासाला, जेवताना, लिफ्टमधे, काहीही झालेलं नसताना. नळ गळतो तसं. आई म्हणाली, "हे वयच असं असतं बाई." मीही म्हटलं, असेल. सगळ्यांचं हे वय असतं, मग बाकीच्या मुली हे सगळं पोटात ठेवून खो-खो कशा खेळतात? म्हणजे त्या धीट आणि मी नाटकी. आणि शेवटी शेवटी शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरचा तो कठडा. तिथून खाली मैदान दिसतं. मी रोजच तिथून खाली बघत आलेय, मैत्रिणींना हाका मारत आलेय. पण आता बघायचे तेव्हा ते नेहमीचं बघणं नसायचं. एक विचार शेजारी येऊन उभा राहायचा, अगदी सभ्यपणे, मैत्रिणीसारखा, आणि मला त्याची भीती वाटायची नाही. भीती वाटायची नाही, याचीच मग घरी आल्यावर भीती वाटायची. सकाळी बाबांचा कान पाठीला लागला की मी श्वास रोखायचे, त्यांना ते ऐकू जाईल म्हणून. किंवा जावं म्हणून. "ओके," बाबा म्हणायचे.

हे सगळं मला टेबलाखाली, एका सुटलेल्या नाडीकडे बघताना, आठवलं म्हणावं तर आठवलं नाही. ते एकदम समोर होतं. कारण प्रश्न विचारला गेला होता. झोप कशी लागते? म्हणजे झोपेचा आणि माझ्या दम्याचा, या दवाखान्याचा, त्या गोळीचा काहीतरी संबंध असू शकतो? आम्ही इथे आलो होतो तेसुद्धा केवळ औषधांच्या दुकानदाराने हट्ट धरला म्हणून. "ही चिठ्ठी फार जुनी झाली ताई, दाखवून या, मग देतो," म्हणाला. आई त्याच्यावर वैतागलीही होती. मिशीवाले काका मुलीकडे राहायला गेले होते, त्यांच्या जागी या बाई आल्या होत्या, तरुण, सर्दी झालेल्या, सारख्या नाक पुसणाऱ्या. आणि त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधीच हे विचारलं होतं. मी सांगितलं तर? तर गोळी जाईल. गोळी गेली की दम परत येईल, शिट्ट्या, मागचा बाक, ट्रम्पेट पेटीत आणि एकल भाग दुसऱ्या कुणाला. आणि खरं सांगू, त्याहून वाईट भीती दुसरीच होती. मी ज्या मुलीला 'मी' म्हणायला लागले होते, ती बस पकडणारी, "देऊन तर बघा सर" म्हणणारी, ती गोळीचीच असेल तर? गोळीबरोबर तीही गेली तर मागे उरणार कोण, केकवर खोकणारी? आणि समजा, गोळी गेली आणि दम आला, पण तो कठड्यापाशी येणारा विचार गेलाच नाही, तर? तर तो माझाच. तर मग मी अशीच. माझ्या तळव्यांना घाम आला. फरशीवर त्याचे दोन ठसे उठले.

"सापडली का?" वरून डॉक्टरबाईंनी विचारलं. आणि मग, आईला नव्हे, टेबलाच्या लाकडातून थेट मला म्हणाल्या, "मी तुला विचारत होते हं, झोपेचं."

मी नळी घेऊन बाहेर आले. केसांना जाळं लागलं होतं. आईने ते काढायला हात पुढे केला आणि तोंडही उघडलं, आणि मी म्हटलं, "आई, मी बोलते." आवाज बारीक होता, पण माझा होता.

"झोप वाईट लागते," मी म्हटलं. "म्हणजे लागते, पण आत काहीतरी चालू असतं. आणि दिवसा पण. मी चिडते. रडते. काही कारण नसतं."

"अगं, हे तू मला कधी..." आई म्हणाली.

"कधीपासून?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दम थांबला तेव्हापासून."

त्यांचं पेन थांबलं. नाक पुसता पुसता हात तसाच राहिला. "म्हणजे गुलाबी गोळी सुरू झाल्यापासून."

"हो. म्हणजे... हो."

"कधी असं वाटतं का, की आपण नसलो तर बरं?" त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, जसं कुणी विचारावं, खोकला कोरडा की ओला. मी आईकडे बघितलं नाही. नळीतल्या काट्याकडे बघितलं, तो शून्यावर होता. आणि मी कठड्याचं सांगितलं. दोन वाक्यांत संपलं. एवढं मोठं वाटत होतं आणि दोन वाक्यांत संपलं! आईचा हात माझ्या केसांवरच होता, जाळ्यासकट. आई काहीही बोलली नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा, कुणीतरी प्रश्न विचारल्यावर, आई काहीही बोलली नाही.

"बरं झालं सांगितलंस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फार बरं झालं. आता ऐक, आणि तुम्हीही ऐका. ही गोळी कितीतरी मुलांना काहीही त्रास न देता लागू पडते. पण काही जणांना तिच्यामुळे स्वप्नं पडतात, चिडचिड होते, उदास वाटतं, नको ते विचार येतात. थोड्यांनाच, पण येतात. म्हणून तर मधेमधे दाखवायला बोलावतात. ही गोळी आजपासून बंद."

"मग ते गोळीमुळेच होतं? मी... मी तशी नाहीये?"

"आज छातीवर हात ठेवून नाही सांगत. बंद करून बघू. बहुतेक हळूहळू जाईल. नाहीच गेलं तर त्यावरही उपाय आहेत, आणि त्यासाठी भेटायची माणसं आहेत. पण मधल्या काळात तो विचार आला तर आईला सांगायचं, मला फोन करायचा, कधीही. कठड्यापाशी जाऊन एकटीने विचार करत बसायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि दम?" आईचा आवाज खरखरीत झाला होता. "गोळीनेच तर थांबला होता हो."

"नारंगी पंप कुठेय?"

आई आणि मी, दोघी एकदम एकमेकींकडे बघायला लागलो. शाळेत पकडल्या गेलेल्या मुलींसारख्या. "ड्रॉवरमधे," आई म्हणाली. "सवय लागेल म्हणून..."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, फक्त जोरात शिंकल्या. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. नारंगी पंप रोजचा, दम असो नसो, त्याची सवय लागत नाही, तो आतली सूज शांत ठेवतो; नळकांडं लावूनच घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. निळा लागेल तेव्हाचा, कायम जवळ. तो सारखा सारखा लागायला लागला तर त्यांच्याकडे यायचं, आणि घेऊनही दम हटला नाही तर कुणाची वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात. आणि आपल्या मनाने काहीही चालू करायचं नाही, काहीही बंद करायचं नाही. मला पंप घेऊन दाखवायला लावला. मी आपली फुशारकीने घेतला, तर म्हणाल्या, "चुकलं. तू दाबतेस आणि मग विचार करून आत ओढतेस. सगळं औषध जिभेवर." इतकी वर्षं! इतकी वर्षं मी माझ्या जिभेचा दमा बरा करत होते. मला हसू फुटलं. डॉक्टरबाईंनाही. आईला नाही. ती डोळे पुसत होती.

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं. आई माझा हात धरून चालत होती, लहानपणी धरायची तसा, मनगटापाशी. फळांच्या दुकानासमोर ती थांबली, आणि मला वाटलं आता ती बोलेल, भरपूर बोलेल. तर म्हणाली, "मला वाटलं, शिट्ट्या थांबल्या म्हणजे सगळं आलंच त्यात." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं गं." मग ती रस्त्यातच रडायला लागली आणि मी तिची पाठ थोपटली. मला, खोटं कशाला बोलू, इतकं हलकं वाटत होतं की मला नाचायचं होतं. दमाचं काय होईल ते माहीत नव्हतं, बँडचं काय होईल ते माहीत नव्हतं, पण ते आता माझ्या एकटीच्या पोटात नव्हतं. आईच्या पोटात होतं, त्या शिंकणाऱ्या बाईंच्या कागदावर होतं, चहूकडे पसरून पातळ झालं होतं.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते अंगातला कामाचा शर्टही न काढता खुर्चीवर बसले. "पण मी रोज ऐकत होतो," म्हणाले. "बाबा, पाठीतून तेवढंच ऐकू येतं," मी म्हटलं. ते बराच वेळ आपल्या बोटांवरचं काळं ग्रीस चोळत बसले. मग म्हणाले, "मोटर ऐकून लिफ्ट पास करता येत नाही खरं तर. एकदा आत उभं राहून वरखाली जावंच लागतं. नव्या पोरांना मीच शिकवतो हे." आणि उठून माझ्या शेजारी, सोफ्यावर, ग्रीसच्या हातांसकट येऊन बसले. आई सोफ्याच्या कव्हरबद्दल अवाक्षर बोलली नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं. ताई दारात उभी होती. म्हणाली, "म्हणजे कंगव्यावरून जे झालं ते औषध होतं?" मी म्हटलं, "बहुतेक." ती म्हणाली, "बहुतेक म्हणे. थोडीशी तूपण होतीस." आणि माझ्या डोक्यावर उशी आपटली. किती दिवसांनी आपटली!

ते एका दिवसात गेलं नाही. आधी स्वप्नांचा गाळ कमी झाला, मग एका सकाळी मी उठले आणि अंगात काहीच नव्हतं, नुसती सकाळ होती. तिसऱ्या मजल्यावर मी काही दिवस मैत्रिणीचा हात धरूनच जायचे. मग एकदा विसरून एकटीच गेले, खाली बघितलं, मैदान होतं, मुलं होती. दम मात्र थोडा परतला, आधी होता तितका नाही, पण परतला. पंप नीट घ्यायला लागल्यावर हळूहळू खाली बसत होता. मला ट्रम्पेटचा लांब सूर धरता येईना. निळा पंप मी पुढच्या बाकावर बसून घेतला, सगळ्यांसमोर, आणि मुलींनी बघितलं, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. इतकंच.

कार्यक्रम जवळ आला तेव्हा बँडसरांनी एकल भाग दुसऱ्या मुलीला दिला. ब तुकडीतली उंच मुलगी, छान वाजवते, मला मान्य करावं लागतं. सर म्हणाले, "तुझी तब्येत सांभाळ आधी, पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, "पण सर, मी वाजवू शकते! परवा शेवटचा सूर पूर्ण धरला होता मी!" "परवा धरलास, काल नाही," सर म्हणाले, आणि ते खरं होतं. मी वाद्यं ठेवायच्या खोलीत गेले. ढोल, पेट्या, फडकी, पितळ घासायच्या पावडरचा वास. एका ढोलावर बसले आणि रडले. रडता रडता मला भयंकर भीती वाटली. आलं, परत आलं, आता हे थांबणार नाही, आता ते भिंतीतून येईल. मी वाट बघितली. मी रडत होते ते एकल भागासाठी रडत होते, सरांवर चिडून, त्या उंच मुलीवर चिडून, माझ्या छातीवर चिडून. प्रत्येक हुंदक्याला कारण होतं. आणि मग रडू संपलं. आपलं आपण. मी आणखी आहे का ते आत शोधून बघितलं, खरंच शोधलं, कपाटात हात घालून चाचपावं तसं. नव्हतं. भूक होती, नाक गळत होतं, आणि राग होता, चांगला खणखणीत.

मी नाक पुसलं, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि बँडच्या खोलीचं दार ढकललं. सगळे थांबले. "सर," मी म्हटलं, "साथीला वाजतो त्या दुसऱ्या ट्रम्पेटचे कागद कुणाकडे आहेत? आणि मधे मला श्वास कुठे घेता येईल ते आत्ताच दाखवा, म्हणजे तिथे मी खूण करून ठेवते."